ठकी जेवत नाही, की ठकीला जेवता येत नाहीये?

पत्र:

ताई, तुमचं सदर मी नेहमी वाचते. मी तुमच्यापेक्षा बरीच लहान आहे, त्यामुळे अगं-तुगंच करा. आम्ही डोंबिवलीला राहतो, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. दोन महिन्यांपूर्वी आम्ही ठकीला घरी आणलं. शित्झू जातीची कुत्री आहे, पाच किलोची, डॉक्टर म्हणाले वय पाचच्या आसपास असेल. एका ब्रीडरकडे, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याकडे, पिंजऱ्यात होती, पिल्लं काढून काढून थकली तशी त्याने सोडून दिली, मग रेस्क्यूवाल्या मुलींनी उचलली आणि आमच्याकडे आली. स्वभावाने फार गरीब आहे पण खाण्याचे नखरे विचारू नका. ड्राय फूडचा दाणा तोंडात घेते, हॉलमधल्या चटईवर आणून टाकते, त्याच्याकडे बघत बसते आणि निघून जाते. मग आम्ही वर चिकन आणि चिकनचं पाणी घालतो, तर चिकन तेवढं वेचून खाते. दोन दिवसांनी चिकनही नको. मग अंडं, मग पनीर, मग दही-भात. रात्री आठला आम्ही पाचही जण तिच्या वाटीभोवती बसलेलो असतो, सासूबाई हाताने भरवतात. सकाळी बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, चहात बुडवलेली चार मारी मात्र मिटक्या मारत खाते, सासूबाईंकडून तूप लावलेली अर्धी पोळी, मुलाकडून चीज. आणि कधी कधी रात्री दोन वाजता किचनमधून वाटी सरकल्याचा आवाज येतो, सकाळी बघावं तर वाटी अर्धी रिकामी. नवरा म्हणतो दोन दिवस उपाशी ठेव, सरळ येईल. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी येतं. मी दमलेय. ती आमच्यात रमलीच नाहीये का?

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा पेन घेऊन बसले. कागदाच्या एका बाजूला ठकीने काय खाल्लं ते लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला काय सोडलं ते. खाल्लं त्या बाजूला चहात बुडवलेली मारी, तुपाची मऊ पोळी, चीज, उकडलेलं चिकन, दही-भात, आणि रात्री दोन वाजता तेच ड्राय फूड, पण सहा तास चिकनच्या पाण्यात भिजून लगदा झालेलं. सोडलं त्या बाजूला, तोंडात घेऊनही टाकलेली एकच गोष्ट, कोरडे कडक दाणे. बघ तू स्वतः एकदा असं लिहून. ती दाणा तोंडात घेते म्हणजे तिला तो हवाय, वास आवडलाय, भूक आहे. चावायला जाते आणि काहीतरी होतं, म्हणून चटईवर टाकते आणि त्याच्याकडे बघत बसते. तू याला नखरे म्हणालीस. मला हे दात दुखणाऱ्या कुत्रीचं वागणं वाटतंय.

मी हे इतक्या ठामपणे लिहितेय कारण मी हीच चूक केलीय. आमची बिट्टी पण अशीच कुठून तरी आलेली, सहा किलोची पॉमेरेनियन. तब्बल पाच-सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते की आमची बिट्टी फार चोखंदळ आहे, तिला सगळं मऊच लागतं. कौतुकाने सांगायचे. एक दिवस आंघोळ घालताना तिच्या उजव्या डोळ्याखाली वाटाण्याएवढी सूज हाताला लागली. मला वाटलं काही चावलं असेल. डॉक्टरांनी वरचा ओठ उचलून मागची मोठी दाढ दाखवली, उभी चिरलेली, मुळाशी पू, आणि तो पू वर चढून डोळ्याखाली साठलेला. कुत्र्यांची ती वरची मोठी दाढ अशीच चिरते आणि सूज डोळ्याखाली येते, हे मला तेव्हा माहितीच नव्हतं. दाढ काढली. आठवडाभर पातळ खाल्लं आणि नंतर त्या बाईने टणक बिस्किटं कराकरा चावून खाल्ली, जी मी कधी तिला खाताना बघितलीच नव्हती. ते बघून मला आनंद झाला आणि त्याच्याहून जास्त वाईट वाटलं, की एवढे महिने ती दुखणं अंगावर काढत होती आणि मी तिला नखरेल म्हणत होते.

कुत्री कण्हत नाहीत गं दातासाठी. छोट्या जातींमध्ये तर जबडा एवढासा आणि दात तेवढेच, मोठ्या कुत्र्याला असतात तेवढेच 42, ते दाटीवाटीने वाकडेतिकडे उगवतात, मध्ये अन्न अडकतं, कीटण धरतं, हिरड्या सुजतात. तीन वर्षांच्या वर गेलेल्या बहुतेक कुत्र्यांना हिरड्यांचा थोडाफार तरी त्रास असतोच, आणि ठकी तर पाच वर्षं पिंजऱ्यात होती, तिथे कोण बघतंय तिचे दात. त्यात शित्झूचं तोंड चपटं, खालचा जबडा जरा पुढे, त्यामुळे खोल वाटीतला सुटा दाणा उचलणंच तिला अवघड जातं. ती वाटी आधी बदल. स्टीलची पसरट बशी घे किंवा लहान मुलांची उथळ ताटली असते ना तशी, आणि खाली ओला फडका पसर म्हणजे ती फरशीवर सरकणार नाही. रात्री दोनला तुला वाटी सरकल्याचा आवाज येतो म्हणतेस, म्हणजे ती बिचारी वाटीच्या मागे मागे किचनभर फिरत जेवतेय.

आजच्या आज एक करून बघ. मूठभर दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजव, बोटाने दाबले की दबले पाहिजेत, आणि वर काहीही न घालता ठेव. कोमटच हवं, गार नको, कारण कुत्र्याचं जेवण आधी नाकाने होतं आणि गार अन्नाला वास कमी येतो. तिने ते खाल्लं आणि कोरडं सोडलं तर तुला तुझं उत्तर मिळालं. नाही खाल्लं तरी दात दाखवायचेच आहेत, ते काही टळत नाही.

डॉक्टरकडे जाताना मोबाईलवर दोन व्हिडिओ काढून ने, एक ती दाणा उचलून टाकते तो आणि एक मऊ खाते तो, कारण क्लिनिकच्या टेबलावर घाबरलेली कुत्री काहीच करून दाखवत नाही. तोंडाला वास येतो का, एकाच बाजूने चावते का, पंजाने तोंड घासते का, हे दोन दिवस बघून ठेव आणि सांग. दात साफ करायचे किंवा काढायचे म्हटलं तर भूल द्यावी लागते, त्याच्या आधी रक्त तपासतात, आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना भूल देताना श्वासाकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा अशा कुत्र्यांचं काम ज्यांनी भरपूर केलंय असे डॉक्टर बघ. ग्रूमिंगवाले भूल न देता वरवर दात घासून पांढरे करून देतात, त्याच्या नादी लागू नकोस, दुखणं हिरडीच्या आत असतं आणि तिथे ते पोचतच नाहीत.

त्याच फेरीत रक्ताची साधी तपासणी करून घे, आणि प्लेटलेट्स किती ते विचार. आपल्याकडे गोचिडतापाने कितीतरी कुत्र्यांचं खाणं हळूहळू कमी होतं आणि घरच्यांना वाटतं मूड नाही. हिरड्या गुलाबी आहेत की फिकट, ताप किती (कुत्र्यांचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 101 ते 102.5 पर्यंत नॉर्मल, 103 च्या वर गेला की ताप), जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, हे सगळं विचारून ये. आणि एक गोष्ट तू पत्रात लिहिलेलीच नाहीस, तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का? रेस्क्यूवाल्यांनी केलं असेल तर उत्तमच, पण गृहीत धरू नकोस, त्या मुलींना विचार आणि कागद माग. इतकी पिल्लं झालेल्या मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि तेव्हा पहिली खूण हीच असते की खाणं सोडते आणि पाणी खूप पिते. तसं दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी उचलून न्यायचं.

बरं, आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या सगळ्या घराची आहे. समज, दाताचं सगळं नीट झालं, तरी रात्री आठचं ते दृश्य माझ्या डोळ्यापुढून जात नाहीये. पाच किलोचा जीव, वाटी किचनमध्ये फ्रीजच्या आसपास कुठेतरी असणार, आठ म्हणजे तुमच्या स्वयंपाकाची वेळ, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, हॉलमध्ये टीव्ही, आणि भोवती पाच माणसं गुडघ्यावर बसून तिच्या तोंडाकडे बघतायत. तुम्ही प्रेमाने बसता, मला कळतंय. पण कुत्रं खायला लागलं की त्याची मान खाली जाते, त्याला आजूबाजूचं दिसत नाही, आणि जी पाच वर्षं एका पिंजऱ्यात दुसऱ्या कुत्र्यांशी झटापट करून खात आली तिला मान खाली घालणं म्हणजे मोठी जोखीम वाटते. म्हणून ती दाणा उचलून चटईवर, म्हणजे गर्दीपासून लांब आणते. म्हणून रात्री दोन. सगळे झोपले, दिवे बंद, कुणी बघत नाही, अन्न मऊ झालेलं, आणि ती शांतपणे जेवते. तू ते पत्रात जाता जाता लिहिलंस, पण मला त्यात सगळ्यात जास्त धीर वाटला, कारण याचा अर्थ तिला भूक आहे, तिला तुमचं घर चालतंय, फक्त जेवणाची वेळ तिला परीक्षेसारखी झालीय.

(भिजलेलं अन्न रात्रभर बाहेर ठेवणं मात्र बंद कर, आपल्या हवेत ते दोन-तीन तासांतच खराब व्हायला लागतं.)

तर जागा बदल. बेडरूमचा कोपरा, पॅसेजचं टोक, काहीही, जिथे तिच्या पाठीला भिंत असेल आणि समोरचं दार तिला दिसत असेल. गळ्यात पट्ट्याला घंटा किंवा बिल्ला असेल तर जेवताना काढून ठेव, स्टीलवर तो टणटण वाजतो आणि काही कुत्री नुसत्या त्या आवाजाने मागे सरतात. तोंडावरचे केस वर बांध, नाहीतर ओल्या अन्नात बुडतात आणि नंतर चिकट होऊन ओढले जातात. वेळ आठच्या ऐवजी साडेसहा-सातची कर, फिरून आल्यावर लगेच नाही, जरा धाप खाली बसली की. सकाळचं पण असंच. बशी ठेवायची आणि तिथून निघून जायचं. कुणी नाव घेऊन हाक मारायची नाही, "खा गं बाळा" नाही, टाळ्या नाहीत, दारातून डोकावणं पण नाही. वीस मिनिटांनी एकाने जाऊन उरलेलं उचलायचं, न बोलता, चेहरा पण नाही पाडायचा. पुढच्या वेळेपर्यंत पाणी सोडून काही नाही. पुढच्या वेळी परत तेच, तीच बशी, तेच अन्न.

तुमच्याकडे आत्ता काय झालंय सांगू का, तिने थांबायला शिकून घेतलंय. दाणे नको म्हटलं की चिकन येतं, चिकन नको म्हटलं की अंडं, अंडं नको म्हटलं की पनीर. हट्टीपणा नाहीये हा, हुशारी आहे, आणि ती तुम्हीच शिकवलीत. अन्न रोज बदलत राहिलं तर पोट पण बिघडतं, मग खरोखरच खावंसं वाटत नाही, आणि आपण परत काहीतरी नवीन शोधायला जातो. एक काहीतरी ठरवा आणि किमान तीन आठवडे त्याला हात लावू नका.

आता मला जरा आकडे मांडू दे कारण आकड्यांनी माझे स्वतःचे डोळे उघडले होते. घरात बसून असणाऱ्या, पाच किलोच्या, ऑपरेशन झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण 300 ते 350 कॅलरी पुरतात. एक मारी म्हणजे वीस-पंचवीस कॅलरी. म्हणजे तिच्यासाठी एक मारी ही तुझ्या पोटाच्या हिशोबात जवळजवळ दीड पोळी झाली, आणि बाबा चहाबरोबर चार देतात, म्हणजे सहा पोळ्यांचा नाश्ता झाला गं तिचा सकाळी सातला. मग तूप लावलेली अर्धी पोळी, आणखी शंभरच्या आसपास. चीजचा एक स्लाइस म्हणजे साठ. हे सगळं मिळून अडीचशेच्या आसपास गेलं आणि अजून तिच्या जेवणाची वाटी भरलेलीच नाही. रात्री आठला तिने तोंड फिरवलं तर त्यात नवल काय आहे? पोट भरलंय तिचं. फक्त ज्याने भरायला हवं त्याने नाही भरलेलं, कारण बिस्किटात मैदा आणि साखर, ना धड प्रोटीन ना कॅल्शियम. वरचं खाणं दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवायचं असतं, ठकीसाठी ते तीस-पस्तीस कॅलरी होतात, बस. चहा तर कुत्र्याला नकोच.

पण बाबांचा चहा आणि ठकी ही जोडी तोडू नकोस. त्या वेळेला ती स्वतःहून त्यांच्याजवळ जाते, पिंजऱ्यातून आलेल्या कुत्रीने एका माणसाच्या पायाशी रोज सकाळी जाऊन बसणं ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त मारीच्या जागी दुसरं काही दे. असं कर, सकाळी उठल्यावर दिवसभराचे दाणे एकदाच किचनच्या काट्यावर मोजून एका डब्यात काढ, पाकिटाच्या मागे तिच्या वजनाला किती ते लिहिलेलं असतं, पाच किलोला बहुतेक 80-90 ग्रॅमच्या आसपास येतं. त्या डब्यातून बाबांना एका छोट्या वाटीत दहा दाणे दे, कोमट पाण्यात भिजवलेले, ते चहाच्या वेळी त्यांनी द्यायचे. मुलालाही त्याच डब्यातून. ज्याला ज्याला ठकीला काही द्यायचंय त्याने त्या डब्यातूनच द्यायचं, आणि डबा संपला की दिवस संपला. याने भांडण पण होत नाही घरात, कुणी कुणाला "तू दिलंस, तू दिलंस" म्हणायला नको.

सासूबाईंचं मला जास्त जवळचं वाटतं. त्यांच्या पिढीला समोरचा जेवला नाही की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं, मग ते नातवंड असो की कुत्रं. त्यांना नुसतं "भरवू नका" म्हणून सांगितलंस तर त्या दुखावतील आणि तुझ्यामागे भरवतील. त्यांच्याकडे काम दे. ठकीचं चिकन त्यांनी शिजवायचं, बोनलेस, मीठ नाही, हळद चिमूटभर चालेल, कांदा-लसूण अजिबात नाही. गार झाल्यावर वरचा चरबीचा थर काढून टाकायचा, कारण छोट्या कुत्र्यांना तेलकट-तुपकट पचलं नाही की स्वादुपिंडाला सूज येते आणि ते फार दुखणं असतं. मग दोन चमचे चिकन बोटांनी अगदी रेशा-रेशा करून, भिजवलेल्या दाण्यांत हाताने कालवायचं, आपण दहीभात कालवतो तसं, की एकही दाणा चिकनवाचून राहता कामा नये. वर ठेवलेलं चिकन वेचता येतं, कालवलेलं वेचता येत नाही. हे कालवणं सासूबाईंच्या हाताला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं जमणार आहे. बशी त्यांनीच नेऊन ठेवायची आणि बाहेर येऊन बसायचं. तीन आठवड्यांनी दोन चमच्यांचा दीड, मग एक, असं उतरवत जा. नुसतं चिकन-भात महिनोन्महिने देऊ नका, पोट भरतं पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच आणि इतक्या वेळा पिल्लांना पाजलेल्या हाडांना ते हवंय. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर तेही होतं, पण डॉक्टरांकडून प्रमाण आणि सप्लिमेंट लिहून घेऊनच.

आणि हो, सासूबाईंना शिऱ्याच्या प्रसादाबद्दल प्रेमाने सांगून ठेव. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, पाच किलोच्या जिवाला थोडेसेही भारी पडू शकतात. गणपतीत पंचखाद्य घरभर फिरतं तेव्हा खाली सांडलेलं आधी उचला. मुलाच्या दप्तरातलं चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगगम पण तिच्या तोंडाच्या उंचीवर नको.

नवऱ्याच्या "दोन दिवस उपाशी ठेव"ला मात्र माझा ठाम नकार आहे. हा सल्ला फार लोक देतात आणि एखाद्या धडधाकट, घरात लाडावलेल्या मोठ्या लॅब्रॅडॉरला तो लागू पडत असेलही. ठकीला नाही. एक तर दात दुखत असताना उपाशी ठेवणं म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. दुसरं म्हणजे तिच्या अंगावर साठाच किती असणार, पाच किलोच्या कुत्रीचं पाव किलो उतरलं म्हणजे पाच टक्के वजन गेलं, साठ किलोच्या माणसाचं तीन किलो जावं तसं. एक वेळ चुकली, तिने बशीला तोंड लावलं नाही, पण इकडे तिकडे फिरतेय, पाणी पितेय, शेपूट वर आहे, तर घाबरू नका, बशी उचला आणि पुढच्या वेळेची वाट बघा. पण सबंध 24 तास पोटात काहीच नाही, किंवा उलट्या, पातळ संडास, पाणी पण नको, कोपऱ्यात गप्प पडून राहिली, चालताना झोकांड्या जातायत, यातलं काहीही दिसलं तर शिस्त बिस्त सगळी बाजूला ठेवून डॉक्टर. नवऱ्याला एक काम सांग, दर रविवारी ठकीला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग तिला खाली ठेवून एकट्याने, आणि वजाबाकी करून फ्रीजवर लिहायचं. अंगावर केस इतके की डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून बरगड्यांवरून हात फिरवायचा. मूठ आवळल्यावर बोटांची हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर बारीक आहे, उघड्या पंजाच्या पाठीवरून हात फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर ठीक, तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर खाणं जास्त होतंय. बिस्किटांच्या हिशोबाने मला वाटतंय ती बारीक नसणारच, बघा आणि मला सांगा.

तो दहा किलोचा मोठा पॅक घेतला नाहीस ना? स्वस्त पडतो म्हणून सगळे घेतात. रोज 85 ग्रॅमने तो जवळपास चार महिने चालेल, आणि उघडलेलं पाकीट महिना-दीड महिन्यात संपायला हवं, पावसाळ्यात तर आपल्याकडे त्याच्याही आधी दमट होतं. दाण्यावरचं तेल खवट होतं. नाकाशी धरून बघ, जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर ठकी जे नाकारतेय ते बरोबरच नाकारतेय. एक-दीड किलोचं पाकीट आण, पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. ब्रँड बदलायचा असेल तर आठ-दहा दिवस जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळत बदल.

दात नीट झाल्यावर आणि ती बशीतून एकटी जेवायला लागल्यावर, त्याच्या आधी नाही, एक खेळ मुलाला शिकव. घरातलं जुनं इडलीपात्र घे, त्याच्या खळग्यांत चार-चार दाणे टाक, दोन-तीन खळग्यांवर उलट्या वाट्या ठेव, आणि जमिनीवर ठेवून दे. ठकी नाकाने शोधेल, पंजाने वाटी सरकवेल. चपट्या तोंडाला ते खळगे उथळ म्हणून सोपे पडतात. पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्रीला शोधून खायचं असतं हेच माहीत नसतं, पहिले दोन दिवस ती नुसती बघत उभी राहील, मुलाने घाई करायची नाही, आधी वाट्या नकोतच, उघडेच दाणे ठेवायचे. आमच्या बिट्टीने पहिल्यांदा वाटी उलटवली तेव्हा ती वाटी खणकन् पडली आणि ती पळून पलंगाखाली गेली, पाच मिनिटांनी आली आणि दुसरी वाटी उलटवली.

आणि तू शेवटी विचारलंस ते. रमली नाहीये का. अगं, रेस्क्यूचं काम करणारे लोक म्हणतात की अशा कुत्र्याला पहिले तीन दिवस भीती जायला लागतात, तीन आठवडे घराची घडी कळायला आणि तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटायला, आणि हा सगळा अंदाजच, ठकीसारखीला अजून जास्त लागतील. कुत्र्यांच्या पैदाशीला 2017 पासून देशात नियम आहेत, नोंदणी सक्तीची आहे, तरी असे पिंजरे चालतात आणि त्यातून बाहेर पडलेल्या माद्या अशाच असतात, गरीब, गप्प, काही न मागणाऱ्या. तुमची ठकी दोन महिन्यांत बाबांच्या पायाशी जाऊन बसायला लागलीय, आणि दाणा तोंडात धरून किचनमधून हॉलमधल्या चटईवर येते. त्या चटईवर कोण बसलेलं असतं ते तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं तूच असशील.

या शनिवार-रविवारी डॉक्टरांची वेळ घे, व्हिडिओ विसरू नकोस. कुठला दात निघाला आणि वजन किती भरलं ते कळव, मी वाट बघतेय.